शमुवेलचा श्यामराव

पौषाच्या थंडीत गुऱ्हाळं पेटली, की आमच्या गावावर काकवीचा वास उतरतो. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणारी एसटी फाट्याला थांबते, तेव्हा दार उघडायच्या आधीच तो आत शिरतो. बाहेरगावी नोकरीला असलेले लोक डोळे मिटून तो छातीत भरून घेतात आणि गाव आलं म्हणतात. मला राग येतो. वासाचा नाही, वास बिचारा काय करणार. पण माझ्या डोक्यात त्या वासाला एक माणूस चिकटलाय, आणि त्या माणसाला त्याचं नाव. त्या नावाचं गावानं काय केलं ते आठवलं, की मी अजून तापते. यंदाही तापले.

तो माणूस म्हणजे आमचा फौजी आज्जा, माझ्या वडिलांचा चुलत चुलता. भावकी एक, मधली भिंतही एक; भिंतीच्या अल्याड आम्ही, पल्याड तो आणि रूथआज्जी. छप्पन साली माझ्या आजोबांनी धम्म घेतला आणि आम्ही बौद्ध झालो. आज्जाच्या बापानं त्याच्याही फार आधी, मिशनच्या दवाखान्यात बैलगाडी हाकायला असताना, ख्रिस्ती धर्म घेतला होता. ज्या विहिरीवर आम्हांला पाणी नव्हतं तिच्याकडं पाठ करून दोन्ही घरं निघाली, एवढंच की वाटा दोन धरल्या. पौर्णिमेला आमच्याकडं वंदना चाले, रविवारी सकाळी त्यांच्याकडं गायनं. मधल्या भिंतीला दोन्ही पाठ झालं असणार.

बापानं पोराचं नाव ठेवलं शमुवेल. त्याच्या आईला ते म्हणता येत नव्हतं, ती म्हणायची सामेल. भावकीनं त्याचा शाम्या केला, गावानं शामू. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यावर शामू फौजी. आज्जाला ह्यातल्या कशाचंच वावडं नव्हतं. पोरांनी लांबून ‘ओ शामूआज्जा’ म्हणून हाळी दिली, की तो काठी वर करायचा. देवळात मात्र पाळकसाहेब त्याला पूर्ण नावानं बोलवत, आणि तिथं त्याची मान वेगळीच ताठ होई. ते चर्चला देऊळच म्हणत. पत्र्याचं छप्पर, समोर शेवग्याचं झाड, आत कळकट भिंतीवर लाकडी क्रूस. आज्जा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे, पहाऱ्यावर असल्यासारखा. गायनं तो कवायतीच्या तालावर म्हणायचा. बाकीची मंडळी दुसऱ्या ओळीवर असत तेव्हा हा चौथी संपवून वाट बघत उभा. पाळकसाहेब म्हणायचे, शमुवेल, जरा सगळ्यांना बरोबर घ्या की. तो म्हणायचा, त्यांनी पाय उचलावा.

तरुणपणी तो इंग्रजांच्या फौजेत ब्रह्मदेशाच्या जंगलात लढला, मग आपल्या फौजेत काश्मीरला. लढाईचं काही विचारलं, की जळवांचं सांगायचा, बिस्किटांच्या डब्यांचं, पायाला सुटलेल्या बुरशीचं. गोळ्यांचं कधी नाही. एकदाच, मी कॉलेजात असताना, ओसरीवर शेंगा फोडत त्यानं गळ्यातल्या बिल्ल्याचं सांगितलं. प्रत्येक शिपायाच्या गळ्यात बिल्ला असायचा, त्यावर नाव आणि नंबर. पावसात, चिखलात पडलेली माणसं आठ दिवसांनी सापडायची. "तवा माणूस वळखू यायचा न्हाय," तो म्हणाला, "नाव वळखू यायचं. नाव गेलं, की त्यो गेलाच." आणि पुढची शेंग फोडली. त्या वयात मला हे फौजी माणसाचं बोलणं वाटलं. पुढं त्यानं जे केलं ते कळायला ह्याच्यापलीकडं काही लागत नाही.

हिवाळा हा त्याचाच हंगाम. पहाटे माळावर शिट्टी वाजायची. सैन्यभरतीला जाणारी गावची पोरं त्याच्यापुढं रांगेत उभी असत, अंगातून वाफा निघत, आणि हा ऐंशीला टेकलेला माणूस कानटोपी घालून त्यांना पळवत असे. छाती फुगत नसेल त्याला म्हणायचा, आईचं दूध काय सांडलंस व्हय रं. ह्या पोरांत सगळ्या आळ्यांची पोरं असत. कितीतरी भरती झाली. त्यांच्या घरचे पेढे घेऊन येत, आज्जाच्या दारात उंबऱ्याबाहेर उभे राहून देत आणि जात.

पोरं पळून दमली, की तो त्यांना घेऊन गुऱ्हाळावर जायचा. काहिलीत रस उकळत असे, गुळव्या मळी काढत असे, आणि पोरांना तांब्यातून गरम काकवी मिळे. तांब्या सगळ्यांत फिरे. आज्जा खिशातून पलटणीतला इनॅमलचा मग काढायचा. गुळव्या वरून ओतायचा. कुणी म्हटलंच, की आज्जा, घ्या की ह्यातनंच, तर म्हणायचा, "आमची पलटणीची सवय हाय, ज्याचा मग त्याला." मला पुष्कळ वर्षं ती सवयच वाटत होती. तो मग का बाळगतो ते मला पदवी घेतल्यावर कळलं, आणि ते कॉलेजात शिकवलं म्हणून नाही कळलं. चहाला बोलावणाऱ्याला कुठली कपबशी पुढं करायची हा पेच पडू नये म्हणून तो स्वतःचा मग घेऊन जायचा. लोक म्हणत, काय शिस्त आहे म्हाताऱ्याला.

नाताळ ह्याच दिवसांत. रूथआज्जी होती तोपर्यंत करंज्यांचा वास काकवीच्या वासात मिसळायचा. आज्जा कामट्यांची चांदणी करायचा, तिला तांबडा कागद लावायचा आणि आमच्या नि त्याच्या सामाईक आढ्याला टांगायचा. माझी आई म्हणे, ह्याच्या देवाची चांदणी, उजेड निम्मा आमच्यात. बिल पण निम्मं घ्या, असं तो म्हणायचा. रूथआज्जी गेल्यावर चांदणी चालू राहिली, करंज्या आमच्या घरातून जायला लागल्या.

कारगिलची लढाई झाली त्या साली हिवाळ्याच्या तोंडी गावाला एकदम फौजेचं प्रेम आलं. पावसाळाभर टीव्हीवर शवपेट्या बघितल्या होत्या, प्रत्येक चौकात फलक लागले होते. गावात कमिटी झाली. अध्यक्ष बापू, गुळाचे व्यापारी. त्यांचा थोरला मुलगा आज्जानंच माळावर पळवून पळवून फौजेत घातलेला. ठरलं असं, की गावातल्या सगळ्या सैनिकांची नावं कोरून चौकात काळा दगड उभा करायचा, सव्वीस जानेवारीला उद्घाटन, आणि हयात असतील त्यांना एकेक नाव घेऊन पुढं बोलवायचं, शाल द्यायची. नावं वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी आमच्या भावकीतली पहिली बी.ए., तीही मराठी घेऊन. बापू माझ्या वडिलांना म्हणाले, हिचं बोलणं शुद्ध आहे. वडील चार दिवस तो शब्द जपून वागवत होते.

आज्जाला मी सांगितलं, तेव्हा त्यानं कोट उन्हात टाकला. पदकं चिंचेच्या कोळानं घासली. पोरगा इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात होता, त्याला निरोप धाडला, की पाळी बदलून घे आणि ये. इतकी वर्षं त्या माणसानं गावाकडं काही मागितलं नव्हतं. आताही मागितलं नाही. पण वाट बघत होता, हे दिसत होतं.

दगड ट्रॅक्टरवरून आला आणि पोत्याखाली झाकून चौकात ठेवला. मी पोतं उचलून पाहिलं. अक्षरं सुरेख होती, पाथरवटाचा हात चांगला. वरून वाचत आले. आज्जाच्या वडिलांचं नाव दिसलं, आडनाव दिसलं, आणि त्यांच्या आधी कोरलं होतं, श्यामराव.

बापू दुकानात गुळाच्या ढेपा मोजून घेत होते. मी विचारलं, हे श्यामराव कोण. म्हणाले, तुझा आज्जाच की. मी म्हटलं, त्याचं नाव शमुवेल आहे. ते हसले. रागानं नाही, प्रेमानं हसले, हेच मला अजून खुपतं.

"अगं पोरी, लोकांच्या जिभंला वळत न्हाय त्ये. माझ्या तर वळतच न्हाय. आणि गावचा दगड हाय. भाईरचा पावणा वाचंल, म्हणंल ह्यो कुठला? श्यामराव कसं आपलं वाटतंय."

मी म्हटलं, पण ते नाव दुसऱ्याच माणसाचं आहे. त्यावर म्हणाले, "शामूचा श्यामराव केला, वर राव लावला. मान वाढवला की आम्ही."

तिथं पाथरवटही बसला होता. त्याला वाटलं मी त्याच्या कामात खोड काढतेय. तो म्हणाला, ताई, यादीत ‘शामू’ असं अर्धवट लिहून आलंतं, मी ते नीट करून घेतलं अध्यक्षांना विचारून. नीट करून घेतलं. माझ्या बी.ए.च्या तीन वर्षांत ऱ्हस्वाचं दीर्घ कुठं करायचं, कुठलं अक्षर पोट फोडून लिहायचं, हे मी घोकलं होतं. चूक असते ती दुरुस्त करतात हे मला ठाऊक होतं. माणूस दुरुस्त करतात हे त्या दुकानात बघितलं. बापूंच्या मनात खोट नव्हती, असं लोक मला आजही समजावतात. नसेल. मनात नव्हती म्हणून दगडातही नाही का?

आणि ते ‘आपलं’. ज्याच्या शिट्टीवर गावची पोरं पळतात, ज्यानं ब्रह्मदेशात आणि काश्मिरात हाडं झिजवली, गावातल्या प्रत्येक मयताला जो काठी टेकत गेला, तो माणूस आपला वाटायला अजून काहीतरी कमी पडत होतं. ते काय, तर तो जो नव्हता ते.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, गप बस. चौकात भांडू नको. "त्यो निदान दगडावर तरी आलाय. आपल्यातलं दुसरं कोण आलंय?" हेही खरं होतं, आणि त्यानं माझा राग दुप्पट झाला.

आज्जाला सांगायलाच लागलं. तो कोटाचं बटण शिवत होता. ऐकून सुई थांबली. मला वाटलं म्हणेल, असू दे. त्यानं सगळ्यांना आयुष्यभर असू दे म्हटलं होतं. मीच म्हटलं, आज्जा, तुला शामू म्हटलेलं चालतं, मग?

"हाक मारायला शामू म्हणा, शाम्या म्हणा," तो म्हणाला. "हाक म्हंजे तोंडाची सोय. कोरायचं असलं, की नाव लागतंय."

मग विचारलं, "तू काय वाचणार हाईस?"

मी म्हटलं, तुझं नाव.

"मग मी येतो," म्हणाला, आणि दात लावून दोरा तोडला.

सव्वीस जानेवारीला चौकात शाळेची पोरं, बायका, भजनी मंडळ, सगळं गाव. बँडवाल्यांनी देशभक्तीची गाणी लावून कान किटवले होते. म्हातारे फौजी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. मी नावं घेत गेले, एकेक जण उठून गेला, शाल घेतली, नारळ घेतला. आज्जाची पाळी आली. मी माईकवर वाचलं: शमुवेल, पुढं वडिलांचं नाव, पुढं आडनाव.

"हजर," असं म्हणून तो उठला. गुडघे वाजले असतील, पण चाल अशी की बँडसुद्धा गप झाला. तो निम्म्या वाटेत आला असेल, तेवढ्यात बापू हसत माझ्या खांद्यावरून माईकवर वाकले आणि म्हणाले, "श्यामराव. श्यामराव म्हणायचं हाय तिला. आमचे श्यामराव फौजी."

लोक हसले. पोरगी गडबडली असं त्यांना वाटलं. आज्जा थांबला. जागेवर टाच फिरवून पूर्ण मागं वळला, आला तसाच चालत गेला आणि खुर्चीत बसला. बापू शाल उघडून उभे. या की आज्जा, म्हणत होते, लाजता काय. आज्जाला माईक लागत नव्हता.

"ज्याला बोलावला त्यो उठलता," तो म्हणाला. "तुम्ही त्येला बसवला. आता श्यामराव कुठं हाय बघा, आणि त्येला शाल द्या."

ती शाल बापूंच्या हातावर तशीच राहिली. हायस्कूलच्या गुरुजींनी माझ्या हातातून माईक काढून घेतला, हळूच, लहान पोराच्या हातातून विळा काढतात तसा. उरलेली नावं त्यांनी वाचली. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता: म्हाताऱ्याला ताठा आलाय, आणि शिकलेल्या पोरीनं त्याला फूस लावली. एवढा मान देत होतं गाव, आणि एका शब्दासाठी केवढं ताणलं. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही आपल्या घराच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव सोसलं असतं का, हे विचारायला मी चारदोन दारी गेले. वडिलांनी परत आणलं.

त्या रविवारी आज्जाचे गुडघे धरले होते, म्हणून देवळापर्यंत मी सोबत गेले आणि मागं बसले. उपासनेत एक वेळ अशी येते, की ज्याला कुणासाठी प्रार्थना करायची असेल त्यानं उठून करावी. आज्जा उठला. डोळे मिटले आणि बापूंचं नाव घेतलं. पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एक काना इकडं तिकडं नाही. त्यांच्या धंद्याला बरकत दे म्हणाला, सीमेवर असलेल्या त्यांच्या पोराला सांभाळ म्हणाला. माझ्या अंगाची लाही झाली. परत येताना वाटेत मी त्याला बोलले, की त्या माणसासाठी तू देवाकडं मागतोस, आणि वर मेलं नावही इतकं बिनचूक?

"तर गं," तो म्हणाला. "चुकीचं नाव दिलं, तर आशीर्वाद भलत्याच्याच घरात जाईल की."

त्यानं माफ केलं असेल. मी नाही केलं. तो ख्रिस्ती होता, मी फक्त पदवीधर आहे.

पुढं पाच-सहा वर्षं जगला तो. दर रविवारी देवळाला जाताना चौक लागे. तो दगडाच्या पलीकडच्या कडेनं जायचा, तिकडं न बघता. माळावरची शिट्टी मात्र थांबली नाही. नवी पोरं आली, त्यातली काही कागलच्या एमआयडीसीत चिकटली, काही फौजेत. दरम्यान मला एका हायस्कुलात नोकरी लागली आणि मी कोल्हापुरात राहायला गेले. वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव फळ्यावर लिहायला लावते, आणि ते लिहितं तसंच म्हणते. सोबतचे शिक्षक ह्याला माझी पद्धत म्हणतात.

आज्जा गेला तो वैशाखात. अंगणात पेटी ठेवली. पाळकसाहेब बोलले, गायन झालं, आता त्याच्या तालाच्या पुढं धावणारं कुणी नव्हतं, तर ते फारच हळू वाटलं. बापू हार घेऊन आले. म्हातारे झाले होते, रडलेही खरंखुरं. मग दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, आपले श्यामराव आज आपल्यातून गेले. देवळाची मंडळी खाली बघत राहिली. आज्जाचा मुलगा खाली बघत राहिला. पेटी समोर असताना भांडता येत नाही, हे बापूंना ठाऊक नव्हतं असं नाही. देवळामागच्या दफनभूमीत मुलानं साधा दगड बसवला, त्यावर शमुवेल. बिल्ल्यावर होतं तेच.

महिन्याभरानं पाथरवट आमच्या घरी आला. मी सुट्टीला आलेली. चौकातल्या दगडावर गेलेल्यांच्या नावाआधी ‘कै.’ कोरायची पद्धत पडली होती. तो दारात उभा राहून जरा चाचरत म्हणाला, "ताई, तुमच्यात कै. चालतंय का? मागल्या वेळंला इचारलं न्हवतं, म्हणून म्हटलं आता इचारावं."

मी त्याला आत बोलावलं, चहा दिला. विचारलं, कै. म्हणजे काय. म्हणाला, कैलासवासी. मी म्हटलं, आमचा आज्जा कैलासाला कशाला जाईल, तिथं त्याच्या ओळखीचं कोण नाही. तो हसला. मग म्हणाला, तर श्यामरावांच्या नावाला काय लावू?

"काही लावू नका," मी म्हटलं. "गेला तो शमुवेल. श्यामराव कशाला मरेल? तो जन्मलाच नाही."

चहा संपवून तो गेला. त्यानं कै. कोरलं नाही. बाकीची नावं एकेक करून कैलासाला लागली. श्यामराव तेवढा गावाच्या हिशेबी जिवंत राहिला.

यंदा सव्वीस जानेवारीला मी गावी होते. गुऱ्हाळाचा धूर चौकापर्यंत आलेला. हायस्कूलला बाहेरून नवे हेडमास्तर आलेत, माईक त्यांच्याकडं होता. कार्यक्रमाची प्रथा तीच: हयात सैनिकांनी पुढं यावं. ते बिचारे दगडावर ज्या नावाआधी कै. नाही ते वाचत होते. श्यामराव, म्हणाले. कुणी उठलं नाही. परत म्हणाले, श्यामराव फौजी आले असतील तर त्यांनी कृपया मंचाकडं यावं. जुने लोक चुळबुळले. हेडमास्तर शेजारी खुर्चीत बसलेल्या बापूंकडं वाकले आणि विचारलं, कोण हो हे श्यामराव, कुठं असतात. माईक चालूच होता.

बापूंनी वैतागून हात झटकला.

"अवो त्ये शमुवेल," ते म्हणाले. "वारले त्ये."

सगळ्या चौकानं ऐकलं. कर्ण्यातून पार बाजारापर्यंत गेलं असणार. हेडमास्तरांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. मी गर्दीत उभी होते. कुणाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. नाही वाटलं. शमुवेल. न अडखळता, पहिल्या झटक्यात, श, मु, वे, ल, अगदी स्वच्छ.

म्हणजे येत होतं.